विश्लेषण : तुपाक शकूरचे कोणते अल्बम ऐकावेत, आणि का?

अमेरिकी रॅपर तुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी मरण पावला, तेव्हा तो अवघ्या २५ वर्षांचा होता. डोक्याला बांधलेला रुमाल, पोटावरचे गोंदण, टोळ्यांचे वैर आणि गोळ्या झाडून झालेला खून एवढीच त्याची ओळख अनेकांपर्यंत पोहोचली. टी-शर्टवरचा चेहरा सगळ्यांना माहीत असतो, अल्बम मात्र फार थोड्यांनी सलग ऐकलेले असतात. आज चौकसारख्या गावातही मोबाइलवर बीट उतरवून मराठीत रॅप लिहिता येतो. असे लिहिणाऱ्याने तुपाककडून नेमके काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, याचे उत्तर त्याच्या अल्बममध्येच आहे. एका चाहत्याच्या कानाने केलेली ही उजळणी.

तुपाक शकूर कोण होता?

तुपाकचा जन्म १६ जून १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात झाला. आई आफेनी शकूर या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेच्या कार्यकर्त्या. न्यूयॉर्कमध्ये घातपाताचा कट रचल्याच्या आरोपाखाली पकडलेल्या पँथर सदस्यांमध्ये त्या होत्या. गरोदरपणात त्यांनी तुरुंगवास भोगला, कोर्टात वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये निर्दोष सुटल्या. पुढच्याच महिन्यात मुलगा झाला.

मुलाचे जन्मावेळचे नाव वेगळे होते. पुढे त्याला तुपाक अमारू हे नाव मिळाले. अठराव्या शतकात पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध मूळ रहिवाशांचा उठाव करणाऱ्या आणि १७८१ मध्ये देहदंड झालेल्या नेत्याचे हे नाव. घरात राजकारण होते, पण पैसा नव्हता. सावत्र वडील मुटुलू शकूर एका गाजलेल्या दरोड्याच्या प्रकरणात फरार होते. एफबीआयच्या सर्वाधिक हव्या असलेल्या दहा जणांच्या यादीत त्यांचे नाव होते आणि १९८६ मध्ये ते पकडले गेले. आई पुढे अमली पदार्थांच्या व्यसनात अडकली. भाड्याची घरे बदलत, कधी निवाऱ्यात राहत हे कुटुंब न्यूयॉर्कहून बाल्टिमोरला आणि तिथून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन सिटीला गेले.

रॅपकडे तो कसा वळला?

तुपाकची पहिली ओढ नाटकाची. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी हार्लेमच्या प्रसिद्ध अपोलो थिएटरमध्ये त्याने ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात मुलाची भूमिका केली. बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो अभिनय, कविता, जॅझ आणि बॅले शिकला, शेक्सपिअरच्या नाटकांत उभा राहिला. पुढे अभिनेत्री म्हणून नाव काढलेली जेडा पिंकेट ही तिथलीच त्याची मैत्रीण. कॅलिफोर्नियात गेल्यावर लैला स्टाइनबर्ग यांच्या कवितेच्या वर्गात तो जाऊ लागला. त्या काळातल्या त्याच्या कवितांचे पुस्तक मृत्यूनंतर १९९९ मध्ये निघाले.

हे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण त्याच्या रॅपचे बळ इथे आहे. शब्दांची चपळाई, यमकांची गुंतागुंत यात त्याच्यापेक्षा सरस रॅपर त्याच काळात होते. तुपाककडे होते ते नटाचे अंग. कुठल्या शब्दावर आवाज जड करायचा, कुठे थांबायचे, कुठे रडवेले व्हायचे हे त्याला कळत होते. ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या गटात सामान उचलणारा आणि मागे नाचणारा पोरगा म्हणून तो आत शिरला आणि १९९१ मध्ये त्यांच्या एका गाण्यात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला.

पहिला अल्बम का गाजला?

‘टूपॅकॅलिप्स नाऊ’ हा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९१ मध्ये आला. ध्वनिमुद्रण साधे, बीट खडबडीत, गाण्यांवर हात फिरवलेला नाही. पण विषय पाहा : पोलिसांचा जाच, बेकारी, तुरुंग, बापाविना वाढणारी मुले. ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ हे गाणे त्याने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून लिहिले. नात्यातल्याच माणसाकडून दिवस गेलेली बारा वर्षांची मुलगी नवजात बाळ कचऱ्यात टाकते, अशी ती बातमी होती. गाण्यात धृपद जवळजवळ नाहीच. एक मुलगी, तिचे घर, तिची फरफट आणि शेवट, एवढेच. कुणी बातमी वाचून पान उलटले असते, तुपाकने त्या मुलीला नाव दिले.

अल्बम येण्याच्या महिनाभर आधी ओकलंडमध्ये चुकीच्या ठिकाणी रस्ता ओलांडला म्हणून पोलिसांनी त्याला मारहाण केली होती. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये एका तरुणाने पोलिसाचा खून केला. तो हा अल्बम ऐकत होता, असे बचावात सांगितले गेले. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी हा अल्बम बाजारातून काढून घ्यावा, अशी जाहीर मागणी केली. ज्याला फारसे कोणी ओळखत नव्हते, त्याचे नाव यामुळे देशभर झाले.

चाहत्याचे मत : कच्चा, पण खरा. सगळी गाणी पुन्हा ऐकाविशी वाटत नाहीत. ब्रेंडाचे गाणे मात्र रॅप म्हणजे काय, हे सांगायला पुरेसे आहे.

दुसऱ्या अल्बममध्ये काय बदलले?

१९९२ च्या ‘ज्यूस’ चित्रपटातल्या भूमिकेने तो अभिनेता म्हणून गाजला. फेब्रुवारी १९९३ मध्ये दुसरा अल्बम आला. त्यात दोन तुपाक शेजारी शेजारी उभे दिसतात. ‘आय गेट अराउंड’मध्ये पार्ट्या आणि मुलींची फुशारकी आहे, तर ‘कीप या हेड अप’मध्ये गरीब कृष्णवर्णीय बाया आणि एकट्याने मुले वाढवणाऱ्या आयांना धीर दिला आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली दुकानात गोळी लागून मेलेल्या १५ वर्षांच्या लताशा हार्लिन्सच्या स्मृतीला त्याचा व्हिडीओ अर्पण केलेला आहे. एकच माणूस एकाच अल्बममध्ये ही दोन्ही गाणी म्हणतो, याचे कोडे इथून सुरू होते.

चाहत्याचे मत : अल्बम म्हणून विस्कळीत. एक गाणे अजरामर, दोन-तीन चांगली, बाकी भरणा.

त्याच्यावरचा गुन्हा कोणता होता?

हा प्रश्न टाळून तुपाकचा चाहता होता येत नाही. ‘कीप या हेड अप’ बाजारात आले त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका तरुणीवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार त्याच्यावर झाली. त्याने आरोप नाकारले. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, निकाल तोंडावर असताना, मॅनहॅटनमधल्या क्वाड स्टुडिओच्या इमारतीत त्याला लुटून पाच गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत तो चाकाच्या खुर्चीवरून कोर्टात आला. अधिक गंभीर आरोपांतून सुटला, पण लैंगिक अत्याचाराच्या कलमाखाली ज्युरीने त्याला दोषी ठरवले. फेब्रुवारी १९९५ मध्ये दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

बायांना धीर देणारे गाणे लिहिणारा माणूस एका बाईच्या तक्रारीवरून दोषी ठरतो. अनेक चाहते यातले एकच काहीतरी लक्षात ठेवतात. गाणे खरे मानायचे तर शिक्षा खोटी ठरवावी लागते, असे त्यांना वाटते. तसे करण्याची गरज नाही. गाणे चांगले आहे म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही आणि माणूस दोषी ठरला म्हणून ज्या बायांना त्या गाण्याने आधार दिला, त्यांचा आधार खोटा होत नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच हे अल्बम ऐकायला हवेत.

त्याचा सर्वोत्तम अल्बम कोणता?

‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’. हा अल्बम मार्च १९९५ मध्ये आला, तेव्हा तुपाक न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात होता आणि अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होता. बहुतेक गाणी त्याने तुरुंगात जाण्याआधीच मुद्रित केली होती. खटला डोक्यावर, पैसा वकिलांकडे चाललेला, मित्र कमी होत चाललेले आणि मरणाची भीती सतत सोबतीला, अशा दिवसांतला हा आवाज आहे.

इथे त्याची फुशारकी उतरलेली आहे. ‘सो मेनी टिअर्स’मध्ये तो गेलेल्या मित्रांसाठी रडतो. ‘ओल्ड स्कूल’मध्ये लहानपणी ऐकलेल्या न्यूयॉर्कच्या रॅपरांची आठवण काढतो. आणि ‘डिअर मामा’मध्ये आईशी बोलतो. आईवरची गाणी सगळ्या भाषांत आहेत आणि बहुतेकांत आई देवी असते. तुपाकची आई व्यसनी आहे, त्याने तिच्याशी भांडून घर सोडले आहे, तिला सरकारी मदतीवर घर चालवावे लागले आहे. हे सगळे सांगून मग तो तिचे ऋण मानतो. म्हणून ते गाणे खोटे वाटत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला.

चाहत्याचे मत : एकच अल्बम ऐकायला वेळ असेल तर हाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधले गाणे न वगळता.

सर्वाधिक गाजलेला अल्बम तितकाच चांगला आहे का?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘डेथ रो रेकॉर्ड्स’चा मालक शुग नाइट याने १४ लाख डॉलरच्या जामिनाची व्यवस्था केली आणि तुपाक अपिलाच्या काळापुरता बाहेर आला. बदल्यात त्याने कंपनीशी तीन अल्बमचा करार केला. सुटताच तो स्टुडिओत शिरला. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘ऑल आईज ऑन मी’ आला : दोन सीडी, २७ गाणी, दोन तासांहून जास्त वेळ. डॉक्टर ड्रे याच्यासोबतचे ‘कॅलिफोर्निया लव्ह’ याच काळातले. या अल्बमला पुढे अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले.

नुसता आवाज म्हणून पाहिले तर हा त्याचा सर्वांत देखणा अल्बम. बास भारी, चाली लगेच तोंडी बसणाऱ्या, गाडीत किंवा लग्नाच्या वरातीत लावला तरी चालेल असा. पण २७ गाण्यांत सांगण्यासारखे जेवढे आहे, ते एका सीडीत मावले असते. पैसा, दारू, बाया, शत्रू हे विषय पुन्हा पुन्हा येतात. मधूनच ‘आय एन्ट मॅड ॲट चा’ लागते. जुना मित्र वेगळ्या वाटेने गेला, सुधारला, आणि तुपाक त्याला राग न धरता निरोप देतो. त्याच अल्बममध्ये हा समजूतदारपणा होता, हे ऐकून हळहळ वाटते.

क्वाड स्टुडिओतल्या हल्ल्यामागे न्यूयॉर्कचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. आणि त्याच्या मंडळींचा हात आहे, असा त्याचा संशय होता. त्यांनी तो नाकारला. तरी जून १९९६ मध्ये त्याने ‘हिट एम अप’ हे निव्वळ शिवीगाळीचे गाणे काढले. पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा हे भांडण मासिकांनी, कंपन्यांनी आणि चाहत्यांनी चवीने वाढवले. चाहत्यांचाही त्यात वाटा होता, हे विसरता कामा नये.

शेवटचा अल्बम आणि मृत्यू

७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये माइक टायसनची लढत पाहून तुपाक शुग नाइटच्या गाडीतून निघाला. सिग्नलला गाडी थांबली असताना शेजारच्या गाडीतून गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. सहा महिन्यांत, ९ मार्च १९९७ रोजी, नोटोरियस बी.आय.जी.चाही लॉस एंजेलिसमध्ये तसाच खून झाला. तो २४ वर्षांचा होता. तुपाकच्या खुनाबद्दल पहिली अटक व्हायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. अटक झालेल्या माजी टोळी सदस्याने गुन्हा नाकारला आहे.

मरणाआधी, ऑगस्टमध्ये, अवघ्या सात दिवसांत त्याने एक अल्बम पूर्ण केला होता. ‘द डॉन किलुमिनाटी : द सेव्हन डे थिअरी’ हा अल्बम नोव्हेंबर १९९६ मध्ये माकावेली या नावाने आला. तुरुंगात त्याने इटालियन राजनीतिज्ञ मॅकियाव्हेलीचे लेखन वाचले होते, त्यावरून हे नाव. ‘हेल मेरी’मधली घंटा आणि संथ बीट ऐकताना अंगावर काटा येतो. गाणी कमी आहेत, त्यामुळे भरणा नाही. मात्र वैराने पछाडलेला माणूस त्यात स्पष्ट ऐकू येतो.

चाहत्याचे मत : दुसऱ्या क्रमांकाचा अल्बम. पण तो मरणाची भविष्यवाणी होता, तुपाक जिवंत आहे, असल्या कहाण्या बाजूला ठेवून ऐकावा.

मृत्यूनंतरचे अल्बम खरोखर त्याचे आहेत का?

तुपाक झपाट्याने काम करायचा, त्यामुळे न वापरलेल्या गाण्यांचा मोठा साठा मागे राहिला. १९९७ मध्ये आईच्या पुढाकाराने ‘आर यू स्टिल डाउन?’ आला. त्यातली जुनी गाणी बरीचशी मूळ बाजात आहेत. १९९८ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहातून ‘चेंजेस’ जगभर पोहोचले. गरिबी, वर्णद्वेष आणि पोलिसी बळाबद्दलचे हे गाणे त्याने अनेक वर्षे आधी मुद्रित केले होते. जिवंतपणी ते कुणी ऐकलेच नव्हते.

त्यानंतर मात्र घसरण आहे. २००१, २००२, २००४ आणि २००६ मध्ये आलेल्या अल्बममध्ये शब्द त्याचे, पण बीट नवी आणि सोबतचे गायक त्याने कधी न निवडलेले. २००४ च्या ‘लॉयल टू द गेम’मध्ये नव्या बीटवर बसावा म्हणून त्याच्या आवाजाची गती आणि पट्टी बदलली गेली. ऐकताना ते जाणवते. २०१२ मध्ये कोचेला महोत्सवात त्याची प्रकाशप्रतिमा मंचावर नाचवली गेली. २०२४ मध्ये ड्रेक या रॅपरने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला तुपाकचा आवाज एका भांडणाच्या गाण्यात वापरला. वारसांच्या वकिलांनी नोटीस दिल्यावर ते गाणे काढून घ्यावे लागले. जे वैर त्याच्या जिवावर बेतले, तसल्याच नव्या भांडणात मेलेल्या माणसाचा आवाज उतरवला गेला.

मेलेला कलावंत नाही म्हणू शकत नाही. म्हणून ते काम वारसांचे आणि त्यांच्यानंतर ऐकणाऱ्यांचे आहे. जे त्याने स्वतः पूर्ण केले ते आधी ऐकायचे, बाकीचे साठा म्हणून, असा साधा नियम चाहत्याला पाळता येतो.

चौकमधल्या रॅपरने यातून काय घ्यावे?

महाराष्ट्रात हिप-हॉप आता नवखे नाही. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरित ‘गली बॉय’ हा चित्रपट. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी नेते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. याच गटातला एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये २४ व्या वर्षी गेला. २०२३ मध्ये राज्यातल्या राजकारणावर रॅप केल्याबद्दल मराठी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. म्हणजे इथेही शब्दांना किंमत मोजावी लागते.

आपल्याकडे ताल धरून घटना सांगण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ चा. चौक हे तर सरनौबत नेताजी पालकरांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. कोण लढले, कोण पडले, हे डफाच्या तालावर गावोगाव पोहोचवणे हे शाहिराचे काम होते. ब्रेंडाचे गाणे लिहिताना तुपाकने वेगळे काही केले नाही. फरक एवढाच, की त्याच्या गाण्यात सरदाराच्या जागी बातमीतली एक अनाम मुलगी आली.

चौकपासून जवळच, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावे लागले. या आकड्यांमागच्या माणसांची घरे, नावे, सवयी इथल्याच लोकांना माहीत आहेत. इथल्या एखाद्या मुलाला तुपाकसारखे लिहायचे असेल, तर त्याला लॉस एंजेलिसच्या टोळ्यांची भाषा उसनी आणावी लागणार नाही. अंगठ्या, पिस्तुलाचे हातवारे आणि आयाबहिणींवरच्या शिव्या ही त्याच्या अल्बममधली सर्वांत स्वस्त गोष्ट होती. नक्कल तिचीच सर्वाधिक झाली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

नवख्याने ‘डिअर मामा’, ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’, ‘कीप या हेड अप’ आणि ‘चेंजेस’ ही चार गाणी आधी ऐकावीत. शब्द डोळ्यांसमोर ठेवून ऐकली तर इंग्रजी उच्चारांची अडचण येत नाही. मग ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ पूर्ण. त्यानंतर ‘द सेव्हन डे थिअरी’. ‘ऑल आईज ऑन मी’ प्रवासात, गाणी निवडून. पहिले दोन अल्बम त्याचा प्रवास समजून घ्यायचा असेल तेव्हा. २००१ नंतरचे नाही ऐकले तरी चालेल.

पहिल्या अल्बमपासून शेवटच्या दिवसापर्यंत त्याला पाच वर्षेही मिळाली नाहीत. त्यातले काही महिने तुरुंगात गेले, काही भांडणात. उरलेल्या वेळात त्याने जे नीट ऐकले आणि सांगितले, तेवढेच आज टिकून आहे.